गाडीचा ब्लोअर बंद पडला? मोटर बदलण्याआधी एवढं तपासा

जुलैमधल्या एका संध्याकाळी ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे येत होतो. बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसं, काचा वर. अचानक ब्लोअर थांबला आणि पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. फडक्याने पुसली तरी दोन वळणांत पुन्हा तेच. बाजूच्या दोन्ही काचा बोटभर खाली घेतल्या, ब्लोअरचा नॉब उलटसुलट फिरवला, तेव्हा चौथ्या नंबरवर तो एकदम पूर्ण जोरात सुरू झाला. एक, दोन, तीनवर काहीच नाही. चारवर ठेवून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचा वेग कमी करणारा भाग, बदलून घेतला. सप्टेंबरमध्ये तोही जळाला. तेव्हा मात्र मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो. रेझिस्टर जळाला होता हे खरं, पण तो जाळणारं कारण दुसरीकडेच होतं आणि ते तसंच ठेवून मी नवा भाग बसवला होता. म्हणून या लेखात भाग कसा बदलायचा याच्याइतकंच तो का जळाला हे कसं शोधायचं, यावर मी भर दिला आहे.

आपल्याकडे हीटर वर्षातून मोजके दिवस लागतो, त्यामुळे ब्लोअर म्हणजे एसीचा पंखा असा समज आहे. बहुतेक गाड्यांत पंखा एकच असतो. तोच हवा एसीच्या कॉइलमधून ढकलतो, तोच हीटरच्या कोअरमधून आणि तोच काचेवर सोडतो. साध्या मॅन्युअल एसीच्या गाडीत तो बंद असेल तर सहसा एसीचा कॉम्प्रेसरही सुरू होत नाही. पावसाळ्यात घाटात काच साफ ठेवणं सर्वस्वी याच पंख्यावर असतं, म्हणून हे काम ‘सवडीने बघू’ असं म्हणून मागे टाकू नका.

करंट कुठून कुठे जातो

बॅटरीतून निघालेला करंट मोठ्या फ्यूजमधून रिलेमध्ये (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) येतो, तिथून मोटरमध्ये, मोटरमधून रेझिस्टर आणि नॉबच्या स्विचमधून अर्थला म्हणजे बॉडीला. काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर मोटरच्या आधी, पॉझिटिव्ह बाजूला असतात. तिथे मोटरची दुसरी वायर थेट बॉडीला जाते. आपली गाडी कुठल्या पद्धतीची, हे ओळखायला सोपं आहे. इग्निशन चालू करा, ब्लोअरचा नॉब शून्यावर ठेवा आणि मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) जोडलेला असतानाच दोन्ही वायरींवरचे व्होल्ट बॉडीच्या तुलनेत मोजा. दोन्हीकडे १२ व्होल्ट आले तर स्विच अर्थच्या बाजूला आहे. हे पाहून पहिल्यांदा कुणीही गोंधळतो, शॉर्ट झालं असं वाटतं. तसं काही नाही. करंट वाहत नसल्यामुळे मोटरच्या पलीकडेही पूर्ण व्होल्टेज दिसतं, इतकंच.

रेझिस्टर म्हणजे तारेच्या दोन-तीन वेटोळ्यांचा किंवा सिरॅमिकच्या पट्टीचा छोटा भाग. पहिल्या नंबरवर सगळी वेटोळी मधे येतात, दुसऱ्यावर एक कमी, तिसऱ्यावर आणखी एक कमी, आणि चौथ्यावर रेझिस्टर पूर्णपणे वगळून मोटरला थेट सप्लाय मिळतो. आता उष्णतेचा हिशोब बघा. पहिल्या नंबरवर ४ अँपिअर करंट आणि २ ओहम रेझिस्टन्स धरला, तर त्या तारेत ३२ वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढंच असतं. ही उष्णता वाहून न्यायला दुसरी सोय नाही, म्हणून रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेच्या वाटेत बसवलेला असतो. त्याच्यावर एक थर्मल फ्यूज असतो आणि तापमान हाताबाहेर गेलं की तो कायमचा तुटतो.

लक्षणावरून अंदाज

फक्त चौथ्या नंबरवर चालतो, बाकी मेले: रेझिस्टरचा थर्मल फ्यूज गेला. सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. मधलाच एखादा नंबर गेला असेल तर एखादं वेटोळं किंवा स्विचमधला एक संपर्क. एक ते तीन चालतात पण चौथा नाही, तर स्विच, त्या नंबरची वायर, किंवा काही गाड्यांत त्याच्यासाठी असलेला वेगळा रिले.

कुठल्याच नंबरवर हालचाल नसेल तर फ्यूज, रिले, अर्थ, कपलर आणि मोटर, या क्रमाने जा. खड्ड्यातून गेल्यावर चालू-बंद होत असेल तर कपलर सैल आहे किंवा मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत. थंडीत सकाळी किंचाळतो आणि पाच मिनिटांनी शांत होतो, तर मोटरचा बुश (पंख्याची दांडी ज्यात फिरते ती कडी) कोरडा पडलाय. फडफड, टकटक किंवा थरथर जाणवली तर पंख्यात पाला किंवा कागद अडकलाय.

आणखी एक तक्रार अशी येते की आवाज पूर्ण येतो पण हवा कमी. तासभर एसी चालवल्यावरच हवा कमी होत असेल तर ब्लोअरला हात लावू नका. एसी बंद करून नुसता ब्लोअर पंधरा मिनिटं चालू ठेवा. हवा परत आली तर कॉइलवर बर्फ धरत होता आणि तो दोष एसीचा आहे. सुरुवातीपासूनच हवा कमी असेल तर आधी केबिन फिल्टर काढून उजेडात धरा.

हत्यारं आणि खबरदारी

फुली आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे सॉकेट, टॉर्च, मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प एवढं पुरतं. टेस्ट लॅम्पशिवाय हे काम करू नका असं मी आग्रहाने सांगेन. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट खेचत नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेल्या जळक्या वायरीवरही तो १२ व्होल्ट दाखवतो. दिव्याला उजळायला खरा करंट लागतो. वायर कुजलेली असेल तर तो मिणमिणतो. जुन्या हेडलाइटचा बल्ब दोन वायरींना जोडलात तर आणखी चांगला, कारण तो चार-पाच अँपिअर ओढतो.

ब्लोअरचा करंट मोजायला साधा मल्टिमीटर मधे जोडू नका. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते आणि छोट्या गाडीचा ब्लोअरही पूर्ण जोरात १५ ते २० अँपिअर घेतो. त्यासाठी वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, डीसी म्हणजे बॅटरीचा करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घेताना विचारून घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट, म्हणजे घरातल्या विजेचा, मोजतात.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती ग्लोव्ह बॉक्सच्या वरच असते. चाचण्यांना बॅटरी जोडलेली लागते, पण भाग खोलायला सुरुवात करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि दहा मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा. तिला मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

तपासणी: सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्यांदा फ्यूज. झाकणामागे दिलेल्या नकाशात ब्लोअर किंवा हीटर असं लिहिलेलं असतं. डॅशबोर्डखालची पेटी आणि बॉनेटमधली पेटी, दोन्ही बघा. नुसता डोळ्यांनी पाहून पुढे जाऊ नका. इग्निशन चालू ठेवून फ्यूजच्या पाठीवर जे दोन बारीक धातूचे ठिपके असतात, तिथे टेस्ट लॅम्पचं एक टोक एकेक करून लावा, दुसरं बॉडीला. दोन्हीकडे उजळला तर फ्यूज ठीक, एकाच बाजूला उजळला तर गेलेला. बदलताना त्याच आकड्याचा घाला: पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३० अँपिअरचा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोठा घालण्याचा मोह आवरा, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळेल. मोटरचा कपलर काढून पुन्हा एक फ्यूज घाला. आता टिकला तर मोटर जाम किंवा आतून शॉर्ट आहे. तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय.

मग रिले. पेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. दोन्हीवरचा नंबर आणि पिनांची आकृती जुळत असेल तरच अदलाबदल करून पाहा.

आता मोटरपाशी जायचं. आपल्या गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे ब्लोअर बहुतेक वेळा डाव्या सीटसमोर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. ग्लोव्ह बॉक्स उघडून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अनेक गाड्यांत तो खाली झुकतो. काहींत दोन-तीन स्क्रू असतात. गोल डब्यासारखा काळा भाग म्हणजे ब्लोअर. शेजारीच दोन स्क्रूंनी बसवलेला, चारेक वायरींचा चपटा भाग म्हणजे रेझिस्टर.

नॉब चारवर ठेवून मोटरच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. मोटर दचकून सुरू झाली तर ब्रश संपलेत. काहीच झालं नाही तर मोटरचा कपलर काढून त्याच्या दोन्ही पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावा. लख्ख उजळला, तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही येतायत आणि मोटर दोषी आहे. उजळला नाही तर लॅम्पचं एक टोक बॉडीला लावून दुसरं पॉझिटिव्ह पिनेवर ठेवा. आता उजळला म्हणजे सप्लाय आहे, खोट अर्थच्या वाटेत आहे.

कपलर

माझ्या गाडीत पहिला धागा सापडला तो इथे. रेझिस्टरचा कपलर ओढताना नेहमीसारखा सुटला नाही, चिकटून होता. बाहेर आला तेव्हा चारपैकी तीन पिना पिवळसर चकचकीत आणि एक काळपट तपकिरी. तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चॉकलेटी होऊन पाक ओघळावा तसं ओघळलं होतं. त्या वायरचं इन्सुलेशन दोन इंचांपर्यंत कडक झालं होतं, वाकवलं की तडतड तुटत होतं. अशा पिनेत रेझिस्टन्स किती असेल? ०.०५ ओहमही पुरतो. १८ अँपिअर वाहताना तेवढ्याशा जागेत १६ वॅट उष्णता तयार होते. तापलेली पिन सैल होते, सैल झाली की आणखी तापते.

दिसायला चांगला असलेला कपलरही मोजून घ्या. सगळं जोडलेलं ठेवा, ब्लोअर चारवर चालू करा. कपलरच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक त्या टाचणीला आणि दुसरं त्याच वायरच्या पुढच्या भागाला, कपलरच्या पलीकडे लावा. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर तो जोड साफ करायला हवा. स्विच अर्थच्या बाजूला असेल, तर मोटरच्या निगेटिव्ह वायरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला की वाटेत कुठेतरी करंट अडतोय. नॉबचा स्विचही याच मापात पकडला जातो. त्याचे संपर्क जळतात तेव्हा नॉबजवळ हलकासा करपट वास येतो.

जळलेल्या कपलरमध्ये नवा रेझिस्टर खोचू नका. वायर कडक झालेला भाग संपेपर्यंत कापा, आत चकचकीत तांबं दिसलं पाहिजे. नवा कपलर निदान २.५ चौरस मिलिमीटर वायरीसह घ्या आणि जोड क्रिंप करून (पकडीने घट्ट दाबून) त्यावर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही. तिथल्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो.

रेझिस्टर

बाहेर काढून थर्मल फ्यूजच्या दोन टोकांत कंटिन्युइटी (मधला मार्ग सलग आहे का) मीटरने बघा. बीप आली नाही तर गेला. मग पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. शून्याच्या वर ते तीन-चार ओहमपर्यंत वेगवेगळे आकडे यायला हवेत. कुठे अनंत दिसलं तर ते वेटोळं तुटलंय. मोजण्याआधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा, इतक्या लहान मापात मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स मोठा ठरतो.

तुटलेल्या थर्मल फ्यूजवर वायरचा तुकडा सोल्डर करून ‘चालू करून देणारे’ भेटतात. कृपा करून हे करू देऊ नका. त्या ३२ वॅटच्या तारेवरचा तो एकमेव पहारा आहे आणि आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आणि वाळका पाला.

आता, तो का जळाला? दोन कारणं वेगवेगळी समजून घ्या. फिल्टर तुंबला किंवा तोंडाशी पाला साचला की हवा कमी होते. तेव्हा मोटरचा करंट वाढत नाही, पण रेझिस्टरला गार करणारी हवा मिळत नाही. दुसरं, मोटरचा बुश आवळला की मोटर हळू फिरते, जास्त करंट ओढते आणि वर हवाही कमी देते, म्हणजे रेझिस्टरला दोन्हीकडून मार. माझ्या गाडीत ही दोन्ही कारणं होती. क्लॅम्प मीटरवर चौथ्या नंबरला २३ अँपिअर येत होते. मोटर साफ केल्यावर तोच आकडा १६ वर आला. त्यानंतर बसवलेला रेझिस्टर आजही चालतोय.

मोटर

कपलर काढा, मोटरला गार करणारी छोटी रबरी नळी असेल तर सोडवा आणि सहसा असलेले तीन स्क्रू काढून मोटर सरळ खाली घ्या. डोळ्यांवर चष्मा घाला, वरून कचरा पडतोच. शिरीष आणि गुलमोहराची बारीक पानं, फिल्टरचे तुकडे, माती. माझ्या मोटरमधून दोन मुठी निघाले.

पंखा बोटाने फिरवा. चुंबकामुळे हलके टप्पे जाणवतील, पण सोडल्यावर तो दोन-तीन फेरे घेऊन थांबायला हवा. हात काढताच थांबला किंवा खरखरला तर बुश गेलाय किंवा कोरडा आहे. पाती मऊ ब्रशने साफ करा. पात्यांवर कुठेकुठे धातूची चिमटी दिसेल, ती कचरा समजून काढू नका. पंख्याचा तोल साधायला ती कारखान्यात बसवलेली असते, निघाली की पूर्ण डॅशबोर्ड थरथरतो.

बुशपर्यंत पोचता येत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. जास्त तेल कम्यूटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) गेलं की कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते आणि मोटर मरते. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. त्याने बुशमध्ये मुरलेलं तेल धुऊन निघतं. दोन दिवस आवाज थांबतो आणि मग वाढतो. कम्यूटेटर काळा पडला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच फिरवा. ब्रश झिजलेले आणि मोटर खोलता येत नसेल तर नवी मोटर घ्या.

बसवण्याआधी मोटर थेट बॅटरीवर चालवून बघा. वायरमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटर घट्ट धरा, सुरू होताना ती उसळी मारते. वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरेल, तरी थोडी हवा देईलच. नवी मोटर बसवल्यावर आवाज भरपूर आणि हवा जेमतेम, असं झालं तर कुणीतरी कपलरच्या वायरी उलट जोडल्यात.

मोटर गंजलेली असेल तर पाणी कुठून आलं ते शोधा. वायपरखालच्या जाळीतला पाला पाण्याची वाट अडवतो आणि पाऊस ब्लोअरवर गळतो. डावीकडची मॅट कोरड्या दिवशीही एसी चालवल्यावर भिजत असेल तर मात्र एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे.

उंदरांचं घर सापडलं तर

इमारतीखाली उभ्या गाड्यांत हे नेहमीचं. कुरतडलेला फोम, शेंगांची टरफलं, उग्र वास. कोरडं झाडू नका, हवेच्या पाइपने उडवू तर नकाच. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दर वर्षी आढळतात आणि तो आजार उंदरांच्या मूत्रातून पसरतो. हातमोजे आणि मास्क घाला, घाण जंतुनाशकाने ओली करून पिशवीत भरा, प्लॅस्टिकचा भाग पुसून घ्या. ब्लीच एसीच्या अॅल्युमिनियम कॉइलवर जाऊ देऊ नका. आसपासच्या वायरीही एकेक करून तपासा.

ऑटोमॅटिक एसी असेल तर

तिथे वेटोळ्यांच्या रेझिस्टरऐवजी पंखेदार अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतो. तो गेला की ब्लोअर एकतर बंद पडतो, किंवा एकाच वेगाने चालत राहतो, कधी चावी काढल्यावरही. असं झालं तर बॅटरी उतरण्याआधी फ्यूज काढून ठेवा. मोटर थेट बॅटरीवर तपासा; ती ठीक असेल तर मॉड्यूलपर्यंत सप्लाय आणि अर्थ येतोय का बघा. त्यापुढच्या सिग्नलसाठी स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

जोडताना

मोटरची रबरी नळी विसरू नका. फिल्टरवरचा हवेच्या दिशेचा बाण बघून बसवा. बॅटरी जोडा, चारही नंबर दोन-दोन मिनिटं चालवा, आतली हवा आणि बाहेरची हवा अशा दोन्ही स्थितींत. मग नॉब तीनवर ठेवून गाडी पंधरा मिनिटं सुरू ठेवा आणि ग्लोव्ह बॉक्स न बसवता मोटरच्या व रेझिस्टरच्या कपलरला बोट लावा. कोमट लागला तर चालेल. बोट ठेववत नसेल तर पिन पुन्हा उघडून आवळा. आठवड्याने हीच तपासणी परत करा आणि मगच ग्लोव्ह बॉक्सचे स्क्रू शेवटचे बसवा.